वॉरंटीबाहेरचा उन्हाळा

मार्च लागला की आदिलाबादच्या चौकांत कूलरच्या जाळीत भरायच्या गवताचे ढीग पडतात, आणि त्याच सुमारास शाळेच्या फळ्यावर परीक्षेचं वेळापत्रक लागतं. माझी निम्मी नोकरी या दोन गोष्टींच्या मध्ये गेली. वर्गात पोरं मान खाली घालून लिहीत असतात, मी बाकांमधून फेऱ्या मारत असते, खिडकीतून झळ आत येते, एखादी पोरगी घामाचा तळवा फ्रॉकला पुसून पुन्हा पेन धरते. बाकीच्यांना हा नुसता उन्हाळा वाटतो. मला हा काळ आवडत नाही, आणि का आवडत नाही ते मी कुणाला धड सांगितलेलंही नाही. ओल्या गवताचा वास आला की त्याच्या पाठोपाठ तापलेल्या पत्र्याचा वास येतो. आजूबाजूला तसं काही तापलेलं नसतं. तो वास आमच्या घरातल्या पहिल्या कॉम्प्युटरचा आहे.

तो कॉम्प्युटर माझ्या मोठ्या बहिणीचा, सुजाताताईचा. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आम्ही मूळचे बेल्याकडचे, सीमेजवळच्या मराठी खेड्यांतले. आजा-आजी दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचून जगले. बाबा घरातले पहिले शिकलेले, मराठी माध्यमाच्या शाळेत गुरुजी. गुरुजी झाल्यावर त्यांनी आदिलाबादला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि तिथून पुढं आयुष्यभर प्रत्येक वस्तू जपली. सायकलच्या सीटवर प्लास्टिक, घड्याळावर प्लास्टिक, रेडिओवर आईनं विणलेला रुमाल. ताई नेमकी उलटी. बंद पडलेली वस्तू तिला चालू वस्तूपेक्षा जास्त आवडायची. इस्त्री उघड, रेडिओ उघड, गजराचं घड्याळ उघड. घड्याळ तिनं पुन्हा जोडलं तेव्हा एक स्क्रू उरला होता, तरी ते चालत होतं. बाबांनी तो स्क्रू कागदाच्या पुडीत बांधून कपाटात ठेवला. कधीतरी लागेल म्हणून.

घर बांधायचं पुढं ढकलून बाबांनी तिला कॉम्प्युटर घेऊन दिला. एवढं मोठं धाडस त्यांनी आयुष्यात एकदाच केलं. नागपूरच्या एका दुकानात सुटे भाग जोडून तो तयार झाला. खोक्याच्या मागे, पत्र्याच्या जोडावर, एक चांदीसारखा कागद चिकटवलेला होता. हे सील फाटलं तर वॉरंटी संपली, असं त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं. बाबांनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि घरी आल्यावर त्या सीलवर वरून पारदर्शक चिकटपट्टी लावली, हात लागून निघू नये म्हणून. आम्ही दोघी हसलो. वॉरंटीचीही वॉरंटी घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पुढच्या खोलीत ताईनं टायपिंगचा आणि कॉम्प्युटरचा क्लास काढला. गावात तेलुगू अक्षरं छापणारे पुष्कळ होते, मराठी अक्षरं फक्त तिच्याकडे. बोथकडून, बेल्याकडून माणसं लग्नपत्रिका घेऊन यायची आणि पडद्यावर आपलं नाव उमटताना पाहायची. त्यांच्या पोरांनी शाळेत मराठी वाचलेलं, पण बाजारात, कचेरीत, बसच्या पाटीवर मराठी कुठं फारसं दिसत नसे. एक म्हातारे गृहस्थ पत्रिका तपासून झाल्यावरही उठेनात. म्हणाले, बाई, एक डाव अजून मोठं करून दाखव. ताईनं त्यांचं नाव पडदाभर मोठं केलं. ते बराच वेळ बसून होते.

त्याच वर्षी मंचेरियलचं स्थळ आलं. मुलगा कोळशाच्या सरकारी खाणीत कारकून, पक्की नोकरी, राहायला क्वार्टर. आपल्याकडं सरकारी नोकरीचं स्थळ नाकारायचं म्हणजे आलेल्या लक्ष्मीला दार लावायचं, असं विहारातल्या बायका आईला सांगून गेल्या. ताईनं नाही म्हटलं नाही, वर्षभर थांबा म्हटलं. बाबा मधला मार्ग काढणारे. त्यांनी ठरवलं की परीक्षेचा हंगाम जाऊ द्यायचा. आसपासच्या मराठी शाळांचे वार्षिक पेपर ताईनं वेळेत काढून दिले, तर क्लास चालतो असं धरायचं आणि पाहुण्यांना थांबायला सांगायचं. नाहीतर मे महिन्यात लग्न. बाबांनी हे कडक आवाजात सांगितलं नाही. शाळेत नापासाचा निकाल ते ज्या मऊ आवाजात सांगायचे, त्या आवाजात सांगितलं.

मराठी शाळांतल्या खालच्या वर्गांचे पेपर तोपर्यंत गुरुजी लोक स्टेन्सिलवर लोखंडी लेखणीनं लिहायचे. बोटांना घट्टे पडायचे, अक्षर पुसट यायचं, आणि पोरं अर्धा वेळ प्रश्न लावण्यातच घालवायची. यंदा मराठीचे पेपर छापील येणार, हे बाबांनी शाळाशाळांत सांगून टाकलं होतं. पण लाइटचा भरवसा नव्हता. सकाळी थोडा वेळ येई, मग दुपारभर गायब, संध्याकाळी आली तर आली. आणि त्या मशीनवर मराठी पान म्हणजे बैलगाडीला लागलेला चढ. एक जोडाक्षर सुधारलं की सगळं पान पडद्यावर पहिल्यापासून रंगायला लागायचं. ताई हात मांडीवर ठेवून वाट पाहत बसायची. पान पुरतं उमटायच्या आत लाइट जायची. शाळांच्या पेपरांची चळत तशीच राहिली आणि एप्रिल जवळ आला.

ताईकडे नागपूरहून आणलेलं एक इंग्रजी मासिक होतं. त्यात लिहिलं होतं की प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, आणि त्याला कारखान्यानं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगानं पळवता येतं. आत मुख्य पट्टीवर छोट्या पिना असतात, त्यांवर मुगाच्या दाण्याएवढी प्लास्टिकची टोपी. ती एका जोडीवरून काढून शेजारच्या जोडीवर बसवली की वेग वाढतो. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. लेखाच्या शेवटी चौकटीत सूचना होती: यानं उष्णता वाढते, वॉरंटी जाते, नवख्यांनी करू नये. मी तिला ती चौकट बोटानं दाखवली. ताईनं माझं बोट बाजूला केलं.

"नवख्यानं करू नये म्हणते," ती म्हणाली. "मंग नवख्यानं जुनं व्हावं तरी कसं?"

मी म्हटलं, अनुभवी लोक बहुतेक आईच्या पोटातून शिकून येत असतील. ती हसली आणि तिनं ब्लेडनं आधी बाबांची चिकटपट्टी कापली, मग सील. कागद फाटल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.  वेडेपणा म्हणून तिनं ते केलं नाही. लाइट असेल तेवढ्या वेळात जास्त पानं काढायची, एवढाच हिशेब होता, आणि तो हिशेब चुकीचा नव्हता.

तिनं टोपी शेजारच्या पिनांवर बसवली, आणि जमलंच की. पान भराभर उमटायला लागलं. ताई एका वर्गाचा गणिताचा पेपर संपवून लगेच परिसर अभ्यासाकडे वळायची, मी वाचून दाखवायची, प्रिंटर करकरत राहायचा. बाबांनी पहिला छापील पेपर हातात घेतला, उजेडात धरला, आणि एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक काढून तिला परत दिला. त्यांना फार आनंद झाला की ते चूक काढत. सीलकडे त्यांचं लक्ष गेलं नव्हतं. ताई त्या दिवसांत जेवायला बसली तरी पायानं ठेका धरायची. मी तिला तेवढी खूश त्याआधी पाहिली नव्हती. त्यानंतरही नाही.

मग ऊन चढलं. आमच्याकडचं ऊन बाहेरच्यांना सांगून पटत नाही. दाराची कडी दुपारी हाताला चटका देते, नळातून निघालेलं पाणी अंगावर घेववत नाही. खोलीच तापलेली, त्यात वेग वाढवलेला प्रोसेसर. मशीन मधेच गोठायचं. पडद्यावरचं पान तसंच, बाण हलत नाही. बंद करा, थांबा, पुन्हा चालू करा. ताईनं पत्र्याची बाजू काढून ठेवली, टेबल फॅन लावला, पण फॅन गरम हवाच फेकणार. टोपी पुन्हा जुन्या जागी बसवावी का, असं तिनं एकदा मला विचारलं. निम्मे पेपर बाकी होते. मला काय कळणार? ती स्वतःशीच नाही म्हणाली.

आई स्वयंपाकघरातून हे सगळं पाहत होती. आमच्याकडं कुणी तापलं, कुणाला ऊन लागलं, लेकरू किरकिर करायला लागलं, की त्याला उचलून कूलरपुढं बसवतात. पाहुणा आला तर पाण्याआधी त्याच्याकडं कूलरचं तोंड फिरवतात. आईला दुसरं काय सुचणार?

"एवढं तापून राह्यलं बिचारं," ती म्हणाली, "तं कूलरपुढं ठेव ना त्याले."

ते इतकं साधं, इतकं घरचं होतं की आमच्यापैकी कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. मासिक लिहिणाऱ्याच्या गावात असे कूलर नसावेत, म्हणून चौकटीत तशी सूचनाही नव्हती. आम्ही टेबल ओढलं, उघडं खोकं कूलरच्या तोंडाशी आणलं. गवत त्याच आठवड्यात नवीन भरलं होतं. गार, ओली हवा आत गेली आणि खरंच, मशीन गोठायचं थांबलं. सगळी सकाळ ते छान चाललं. आईनं येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि समाधानानं गेली.

नव्या गवताचा कूलर थुंकतो, हे इथल्या लेकरालाही माहीत असतं. पंप चालू झाला की सुरुवातीला बारीक थेंब उडतात, चेहऱ्यावर बसतात, बरं वाटतं. दुपारी लाइट गेली, बऱ्याच वेळानं आली, पंप एकदम सुरू झाला. ताईनं मशीनचं बटण दाबलं. आतून चिंच फोडल्यासारखा एक लहान आवाज आला आणि तो वास. तिनं वाकून पाहिलं. पट्टीवर पाण्याचे थेंब होते, आमच्या बोअरच्या खाऱ्या पाण्याचे, आणि एका ठिकाणी काळं झालं होतं. ताईनं आपल्या ओढणीच्या टोकानं ते थेंब एकेक करून टिपले. आईनं कूलर बंद केला. 

बाबांनी संध्याकाळी कापलेल्या चिकटपट्टीवरून बोट फिरवलं. 

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं नागपूरच्या बसमध्ये होतो. चादरीत गुंडाळलेलं खोकं ताईनं मांडीवर घेतलं होतं, आजारी लेकरू दवाखान्यात नेतात तसं. पांढरकवड्याला बाबांनी उसाचा रस घेतला, तो तिनं प्यायला नाही. दुकानदारानं खोकं उघडायच्या आधी फिरवून मागची बाजू पाहिली आणि तिथंच थांबला. माणूस वाईट नव्हता. त्यानं आम्हाला बसवलं, माठातलं पाणी दिलं, समजावून सांगितलं की भाग तो स्वतः बनवत नाही. फाटलेल्या सीलचा माल वर पाठवला तर त्यालाही कुणी बदलून देत नाही. मग तो ताईकडे पाहून म्हणाला, "मैडम, जिसको आता है वो खोले. जिसको नहीं आता, वो वॉरंटी संभाले."

ताई त्या दिवसात पहिल्यांदा बोलली. "जिसको आता है, उसको वॉरंटी किसलिए चाहिए?"

 दुकानदारानं बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान खाली घातली आणि त्याची माफी मागितली, पोरगी उद्धट बोलली म्हणून.

ताईचा तो प्रश्न मी इतकी वर्षं मनात घोळवते आहे. मी दुकानदाराच्याही बाजूनं विचार करून पाहिला. उद्या कुणीही उठावं, वस्तू पाण्यात बुडवावी आणि नवी मागावी, असं चालणार नाही. दुकान म्हणजे धर्मशाळा नव्हे. जाणकार सांगतात की शिकायचं तर जुन्या, टाकाऊ मशीनवर शिकावं, चांगल्यावर हात चालवू नये. सल्ला रास्त आहे. पण तो ज्याच्या घरी दोन मशीनं आहेत त्याच्यासाठी आहे. ज्याच्याकडे एकच आहे त्यानं शिकायचं कशावर? चूक होणार ती नवख्याच्याच हातून, आणि त्यानं हात लावला की पहिल्यांदा संरक्षण काढून घेतात त्याचंच. मला वाटतं, नवख्याला वॉरंटी हवीच. फुकट नको असेल तर थोडे जास्त पैसे घ्या, पण एका चुकीपुरती तरी ठेवा. मी शिक्षिका आहे. पोरांनी चुकूच नये असं म्हटलं तर उद्यापासून मला वर्गात काम उरणार नाही.

उलटंही पाहिलं आहे. माझ्या एका जुन्या शाळेत सरकारातून कॉम्प्युटर आले होते. मोडतील, वॉरंटी जाईल या भीतीनं हेडमास्तरांनी खोलीला कुलूप घातलं. उन्हाळ्यामागून उन्हाळे गेले, वॉरंटी आतल्या आत संपली, आणि कुलूप काढलं तेव्हा उंदरांनी वायरी खाल्लेल्या. सील मात्र सगळी शाबूत होती. आम्ही शिक्षक त्यावर हसलो. मला ते हसू फार वेळ टिकवता आलं नाही.

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीतून बाहेर पाहत होते. रिकामी, नांगरलेली वावरं, कपाशीच्या वाळल्या पळाटीचे ढीग. मला वाटलं ते रागावतील, आणि रागावले असते तर बरं झालं असतं.

"आपुन आता कुठं उभे राह्यलो, माय," ते ताईला म्हणाले. "पळाची घाई काऊन केली?"

त्यांना दोष देणं सोपं आहे, मला ते जमत नाही. घराण्यात पहिल्यांदा शाळेत गेलेला माणूस. त्याच्या एका चुकीवर सगळ्या वस्तीचा निकाल लागायचा: पाहा, यांना शिकवून काय उपयोग. असा माणूस सीलवर चिकटपट्टी लावणारच. त्यांनी स्वतः जन्मभर एकही सील तोडलं नाही, आणि मुलीनं तोडलेलं त्यांच्यानं पाहवलं नाही.

राहिलेले पेपर बाबांनी आणि दुसऱ्या गुरुजींनी स्टेन्सिलवर लिहिले. पोरांनी परीक्षा दिल्या, पास झाली. कुणाचं काही अडलं नाही. ताईला घरात कुणी एक शब्द लागेलसं बोललं नाही, सगळे तिच्याशी आजारी माणसाशी वागावं तसे हळू वागत होते. मे महिन्यात लग्न झालं. ते कॉम्प्युटरमुळं झालं असं कुणीही म्हटलं नाही. तिच्या लग्नाची पत्रिका मराठीत छापायला नागपूरला पाठवावी लागली.

मंचेरियलच्या क्वार्टरमध्ये ताईची वर्षं गेली. भाऊजींनी तिला मारलं नाही, दारू प्यायले नाहीत. चांगलं सांगण्यासारखं एवढंच. बाहेर जाऊन शिकवायचं तिनं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. खिडकीच्या कठड्यावर कोळशाची बारीक काळी भुकटी बसते, ती रोज पुसते. गेल्या वर्षी मी गेले होते तेव्हा मिक्सर बंद पडला होता. नुसता प्लग सैल झालेला असावा, मलाही कळलं. ताईनं त्याला हात लावला नाही. "येतीन ते मंग पाहतीन," म्हणाली आणि पाट्यावर चटणी वाटायला बसली. मला तिच्याकडं पाहवेना. इस्त्री उघडणारी, रेडिओ उघडणारी, ब्लेडनं सील कापणारी माझी बहीण, एक प्लग दाबायला नवऱ्याची वाट पाहत होती.

मला राहवलं नाही. आम्ही त्या उन्हाळ्याबद्दल कधी बोललोच नव्हतो. मी तिला सांगितलं की आता प्रोसेसर गरज पडली की आपला वेग आपणच वाढवतात, तापले की आपणच कमी करतात. मुद्दाम वेग वाढवून जाळून घेणाऱ्यांना एकदा बदलून देण्याची सोयसुद्धा एका काळात विकत मिळायची म्हणे. ती वाटत राहिली. मग मी विचारलं, त्या दुकानदारानं तेव्हा बदलून दिलं असतं तर काय झालं असतं गं?

मला वाटलं होतं ती म्हणेल, क्लास चालला असता. किंवा, लग्न टळलं असतं. वरवंटा थांबला.

"बदलून देलं असतं," ती म्हणाली, "तं मी पुन्हा उघडलं असतं."

आणि थोड्या वेळानं, चटणी वाटीत काढता काढता, माझ्याकडं न पाहता:

"दुसरं बी जळलं असतं, रत्ना. तिसऱ्या डावाले जमलं असतं मले."